गडाखालचा बाजार



जुन्नरचा बाजार रविवारचा. आमच्या पश्चिम भागातल्या वाड्यांवरून पहिली गाडी निघते तेव्हा झुंजुमुंजूही झालेलं नसतं. पावसाळ्यात रानभाज्या, दिवाळीनंतर तांदूळ, उन्हाळ्यात हिरडा, ज्या वेळी जे हाताशी असेल ते पोत्यात भरून आम्ही निघतो. जुन्नरला उतरलं की समोर शिवनेरी. मान वर केली की दिसतो, नाही केली तरी असतोच.

आमच्या प्रभागातल्या बायका किती वर्षं बाजाराला येतात, असं विचारलं तर कुणी वीस सांगेल, कुणी चाळीस. पण गडावर किती जणी गेल्या, असं मासिक बैठकीत विचारलं तेव्हा बावीस जणींतून तीन हात वर आले. त्यातला एक हात शाळेच्या सहलीचा होता. एक मावशी म्हणाल्या, "गड काय पळून जातोय का? माल इकायचा का डोंगर बघायचा?"

त्या बैठकीत खरं तर विषय गडाचा नव्हताच, हिरड्याचा होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मैत्रिणींसाठी सांगतो: त्रिफळात पडतो तो हा हिरडा. कोवळा असताना झाडावरून काढून वाळवला की त्याला बाळहिरडा म्हणतात. औषधाला जातो, रंगाला जातो, कातडी कमवायला जातो. आमच्याकडे महादेव कोळी समाजाच्या घरात उन्हाळ्याचा पैसा म्हणजे हिरडा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंचा घरी अठरा किलो भरलेला माल दुकानात साडेपंधरा भरला. विचारलं तर उत्तर आलं, "ओल आहे." पावती मागितली तर उत्तर आलं, "एवढ्याशा मालाची कसली पावती?" यावर बैठकीत बराच वेळ बोलणं झालं. शेवटी कॉलेजात जाणारी एकीची मुलगी म्हणाली, "पण जुन्नरला बाजार भरतो तरी का? नारायणगाव हायवेवर आहे, आळेफाटा हायवेवर आहे. हे गाव तर डोंगरात कोपऱ्यात आहे." कुणालाच धड उत्तर देता येईना. "शिवाजी महाराजांमुळं," एवढंच सगळ्या म्हणाल्या. म्हणून मग गटाच्या पैशातून दोन दिवसांची सहल काढली. त्या दोन दिवसांत जे पाहिलं आणि जाणत्या माणसांकडून जे समजून घेतलं, तेच आज सांगतो आहोत.

पहिल्या दिवशी गडावर गेलोच नाही. उलट्या दिशेला, जुन्नरपासून तीस-पस्तीस किलोमीटर पश्चिमेला, घाटघरच्या पुढे नाणेघाटात गेलो. जुन्नर का वसलं याचं उत्तर तिथे आहे.

सह्याद्रीची भिंत तिथे एका चिंचोळ्या खिंडीने फुटलेली आहे. खाली कोकण, वर देश. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या खिंडीने वर यायचा. पहिलं मोठं गाव जुन्नर. तिथून पुढे पैठण, म्हणजे सातवाहन राजांची राजधानी. जुन्नर हे या वाटेवरचं उतरायचं, माल बदलायचं, बैल बदलायचं ठिकाण. आजही जुन्नरात एका पेठेचं नाव कल्याण पेठ आहे. त्या पेठेतून आम्ही शंभरदा गेलो असू, पण हे कल्याण म्हणजे ते खालचं कल्याण, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खिंडीच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट चढून आलेल्या मालावर जकात घ्यायचे ती नाणी या रांजणात टाकायचे, असं लोक सांगतात, आणि म्हणून हा नाणेघाट. आमच्यातल्या एका आजींना रांजणाचं काही नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "माझी सासू मिठासाठी ह्याच वाटनं खाली जायची. तांदूळ द्यायचा, मीठ आन सुकट आणायची." दोन हजार वर्षांचा व्यापारी मार्ग म्हणजे आजींच्या सासूची मिठाची वाट. आम्ही मात्र तिथे थोडा वेळ गप्पच राहिलो.

खिंडीतच एक कोरीव गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जातो. तिने आणि राजाने केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावं, नाणी, सगळ्याचा आकड्यांसकट हिशोब त्यात आहे. आपल्या देशात आकडे लिहिण्याचा जो फार जुना पुरावा सापडतो त्यात हा लेख मोडतो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आता पावलांच्या खुणांशिवाय फारसं काही उरलं नाही, पण वरची नावं आहेत. त्यात सातकर्णी राजा आणि राणी यांची नावं एकत्र आहेत, आणि पहिलं नाव राणीचं आहे. आधी देवी नायनिका, मग राजा सातकर्णी. हे ऐकल्यावर एक ताई म्हणाल्या, "आमच्या घराच्या उताऱ्यावर माझं नाव दुसरं लावायला तीन वर्षं गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्या. जुन्नरच्या भोवती चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास कोरीव कामं आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी, आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातली. देशात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीला तर आपण गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला जातोच. तो गणपती आहे तीसुद्धा मुळात बौद्ध भिक्षूंची राहायची गुहा, भोवतीच्या खोल्या आजही दिसतात. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यात बारा खांबांचं गोल चैत्यगृह आहे, ते चुकवू नका. तिथे गर्दी नसते.

पण आम्हाला लेण्यांपेक्षा त्यांच्या भिंतींवरची नावं जास्त भावली. इतके डोंगर कोरायला पैसा कुणी दिला? आम्हाला वाटलं होतं राजांनी. तर राजांची नावं थोडी आहेत. नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने छेचाळीसाव्या वर्षी मंडप आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. बाकीचे देणारे बहुतेक व्यापारी, कारागीर, गृहस्थ. यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेले लोकही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. टाक्याला त्या लेखांत पोढी म्हणतात. जागोजागी लेणं आणि पोढी, लेणं आणि पोढी. निवारा दिला तर पाणीही दिलं पाहिजे, हे त्या काळच्या दात्यांना कळत होतं. (आमच्या गावात समाजमंदिर बांधून सहा वर्षं झाली, नळ अजून नाही. असो.)

आणि एक दान आहे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं. त्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. श्रेणी म्हणजे काय, तर एका धंद्यातल्या माणसांचा गट. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी आहे. कासकार हा शब्द तिथे आहे, त्यातला आपला कासार लगेच ओळखू येतो. या श्रेणींकडे लोक पैसे ठेव म्हणून ठेवायचे, असं त्या लेखांत आहे. श्रेणीने तो पैसा धंद्यात वापरायचा आणि ठरलेलं व्याज ठरलेल्या कामाला द्यायचं.

हे ऐकल्यावर आमच्या बायका एकदम ताठ बसल्या. डोंगर, राजे, भिक्षू हे सगळं ठीक होतं. ठेव आणि व्याज म्हटल्यावर विषय आपला झाला. "दर काय होता?" हा पहिला प्रश्न.

याचं स्वच्छ उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यात मिळतं. तोच काळ, तोच नहपान राजा. त्याचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दर महिना शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दर महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी द्यायचे.

आपल्या गटाच्या सचिवांनी हा हिशोब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. हिशोब तंतोतंत जुळतो, एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सभेत, सर्वांसमोर ऐकवला आणि रीतसर नोंदवून ठेवला, असंही त्याच लेखात लिहिलं आहे. म्हणजे ठराव वाचून दाखवला आणि इतिवृत्तात घेतला. राजाचा जावई असूनही!

आता तुलना करा. आम्ही गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन घेतो. काही गट दीडवर आलेत, एकावर आलेले थोडे. विणकरांच्या गटावर राजघराण्याने तीन हजारांचा भरवसा टाकला, तो त्यांच्या घराण्याकडे बघून टाकला नसेल. त्यांचं कापड, त्यांचा हिशोब आणि त्यांची नोंद यांकडे बघून टाकला असेल, असं आम्हाला वाटतं. जुन्नरच्या बुरुडांना आणि कासारांनाही तेच लागू. घाटातून लांबून माल आणणारा माणूस ज्या गावात वजन, नाणं आणि शब्द खरा निघतो तिथेच पुन्हा येतो, नाहीतर पुढच्या गावाला जातो. कोपऱ्यातलं हे गाव शेकडो वर्षं बाजार म्हणून टिकलं ते घाटामुळे, हे खरं. पण नुसत्या वाटेने बाजार टिकत नाही.

दुपारनंतर गड चढलो. उन्हं कलली होती तरी धाप लागत होती. शिवनेरीला एकामागे एक सात दरवाजे आहेत. वाटेत शिवाई देवीचं मंदिर आहे, कड्याला लागून. महाराजांचं नाव या देवीवरून ठेवलं असं सांगतात. गुडघे दुखणाऱ्या दोघी मावश्या तिथेच देवीपाशी बसल्या आणि बाकीच्या वर गेल्या. वर अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार. सतराव्या शतकात फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर जुन्नरला येऊन गेला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री साठवलेली होती, असं त्याने लिहून ठेवलं आहे. गंगा-जमुना नावाची खडकात खोदलेली टाकी आहेत, त्यांत पाणी असतं. बदामी तलाव आहे. बायकांनी कोठार आणि टाकी जितकी निरखून पाहिली तितकं दुसरं काही पाहिलं नाही. "पाणी वर आहे म्हणून गड आहे," असं एक जण म्हणाली, आणि गडाचं सगळं शास्त्र त्यात आलं.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी जिजाऊसाहेबांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले ती जागा पाहताना कुणीच फार बोललं नाही. चपला बाहेर काढायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी काढल्या. बाहेर आल्यावर मात्र एक गोष्ट कळली आणि सगळ्या चकित झाल्या. महाराज इथे जन्मले, पण पुढे हा गड त्यांच्या हयातीत त्यांच्या ताब्यात कधीच आला नाही. तो मुघलांकडे होता. १६५७ साली महाराजांनी रात्री माणसं घेऊन जुन्नरच्या ठाण्यावर छापा घातला, तेव्हा तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. एवढा पैसा आणि एवढे घोडे गडावर नव्हते, खाली गावात होते. पुढे गड घेण्याचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. शाहू महाराजांच्या काळात, १७१६ साली, शिवनेरी मराठ्यांकडे आला.

गडावर एक चौथरा आहे. मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना धरून आणून इथे मारलं, अशी हकीकत सांगतात. आमच्यातल्या बहुतेक जणी त्याच समाजाच्या. चाळीस वर्षं बाजाराला येताना ज्या डोंगराकडे पाहिलंही नाही, त्यावर आपल्या माणसांची अशी जागा आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथे रानफुलं वाहिली. शाळेच्या सहलीत हे दाखवलं नव्हतं, असं ती सहलवाली ताई म्हणाली.

गडावरून खाली पाहिलं की नीट कळतं. एका बाजूला कुकडीचं खोरं, मधोमध गाव, पश्चिमेला घाटाकडे जाणारी वाट. त्या वाटेवर ओळीने गड आहेत: चावंड, हडसर, आणि घाटाच्या तोंडाशी जीवधन. आधी आम्हाला वाटायचं गड होता म्हणून त्याच्या आश्रयाने गाव वसलं. पण लेण्यांचे लेख गडाच्या दरवाजांपेक्षा कितीतरी जुने, आणि शिवनेरीच्या कड्यातही आधी लेणीच आहेत. बाजार आधी, वाट आधी. तिची राखण करायला आणि तिची जकात खायला गड नंतर. यावर जाणत्यांचं वेगळं मत असू शकतं, आमचं हे.

पुढचा इतिहास थोडक्यात. १४९० साली निजामशाही सुरू झाली ती जुन्नरातून, अहमदनगर शहर नंतर वसलं. मलिक अंबरनेही काही काळ राजधानी इथे आणली होती. तो हबशी, आणि गावाजवळच्या हापूसबागेचं नाव आंब्यावरून नसून हबशीबाग या शब्दावरून आलं, असं म्हणतात. तिकडे सौदागर घुमट म्हणून मोठी देखणी इमारत आहे. राजाचा नाही, एका व्यापाऱ्याचा घुमट.

जुन्नरी कागदाबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. जुन्या गोणपाटाच्या आणि चिंध्यांच्या लगद्यापासून इथले कागदी लोक हाताने कागद करायचे. भिजवायचं, कुटायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवायचं, धुवायचं, पातळ थर उचलून वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. हा कागद टिकाऊ म्हणून दप्तरांत आणि सावकारांच्या वह्यांत वापरला जाई. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. जुन्नरने मालच नव्हे तर माल लिहून ठेवायचा कागदही विकला.

आता गावाला पुन्हा बरे दिवस येतील असं बोललं जातं. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर केला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात शिवनेरी आहे. माणसं येतात, गड चढतात, फोटो काढतात, गाडीत बसतात आणि जातात. बाजारात फार थोडी उतरतात. हिरडा काय असतो हे त्यांना कळायला काही मार्ग नाही. आमच्या दोन गटांनी ठरवलं आहे की बाळहिरड्याची आणि हातसडीच्या तांदळाची छोटी पाकिटं करून रविवारी गडाच्या वाटेला बसायचं. परवानगीचा अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

सहलीनंतरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही अकरा जणी मिळून एकाच दुकानात गेलो. सोबत गटाच्या पैशाने घेतलेला काटा होता. दुकानदारांना सांगितलं, "आधी आमच्या काट्यावर, मग तुमच्या." ते हसले, मग थोडे रागावले, मग त्यांनी वजन केलं. दोन्ही काट्यांत फरक फारसा आला नाही. ओल मात्र त्यांनी कापलीच. तेव्हा त्याच ताई, ज्यांचे अडीच किलो गेले होते, म्हणाल्या, "कापा, पण किती कापली ते पावतीवर लिहा." बराच वेळ गेला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं: हिरडा इतका, ओल इतकी, सही.

ती पावती गटाच्या वहीत डकवली आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात जाणार आहोत, आणि या वेळी गुडघे दुखणाऱ्या मावश्यासुद्धा येतो म्हणाल्यात. गड राहिला तो राहिलाच, पण बाजार चुकवणार नाही म्हणतात.